घरातला पहिलाच कॉलेजला जाणारा आहे? मग दाखल्यापासून हॉस्टेलपर्यंत हे असं करा

दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पोरं येतात, आईबाप येतात, कुणाचा मामा येतो. कुठला फॉर्म भरायचा, स्कॉलरशिप बसते का, पुण्याला राहायची सोय होईल का, हेच प्रश्न असतात. आणि दरवर्षी एक गोष्ट बघून जीव तुटतो. पोरीला ८५ टक्के, बाप ऊसतोडीला जाणारा, सगळ्या योजनांत अगदी नियमाप्रमाणे बसते, पण जातीचा दाखला काढलेला नाही, काढलाय तर व्हॅलिडिटी म्हणजे जात पडताळणीचा कागद नाही, तीही असली तर बँक खातं आधारला नीट जोडलेलं नाही. मग फी भरायला पैसे नाहीत म्हणून पोरगी घरी बसते आणि पुढच्या वर्षी लग्न. मार्क कमी पडले म्हणून थांबलेली पोरं मी कमी बघितलीत, एक कागद वेळेत नव्हता म्हणून थांबलेली खूप बघितलीत.

ज्या घरात आधी कुणी शिकलेलं असतं तिथे हे सगळं आपोआप कळतं, काका सांगतो, ताई सांगते. ज्यांच्या घरात कुणीच नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. महाराष्ट्रातल्या पोरांसाठी आहे, आणि त्यांना मदत करू पाहणाऱ्या ताई-दादांसाठीही.

सुरुवात निकालाच्या दिवशी करू नका

अकरावीत असतानाच सुरू करा. बारावीचं वर्ष अभ्यासाला जातं, निकालानंतर सगळ्या तालुक्याची गर्दी दाखल्यांचे अर्ज घेणाऱ्या एकाच सेतू केंद्रावर येते, सर्व्हर बसतो, आणि ॲडमिशनची तारीख कुणासाठी थांबत नाही. दहावीचा निकाल ते अकरावीची दिवाळी हा सगळ्यात चांगला काळ. एक प्लास्टिकची फाइल घ्या, प्रत्येक कागदाच्या चार-पाच झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये प्रत्येकाची वेगळी पीडीएफ, नाव टाकून. व्हॉट्सॲपवर कुणालातरी पाठवलेला फोटो म्हणजे कागद जपून ठेवला असं नाही, तो ऐनवेळी सापडत नाही आणि सापडला तर वाचता येत नाही.

पहिलं काम: नाव सगळीकडे एकच आहे का बघा

जन्मदाखला, शाळेचा दाखला म्हणजे एलसी, दहावीची मार्कशीट, आधार, बँकेचं पासबुक. पाचही समोर ठेवा आणि अक्षर न अक्षर जुळवा. एकीकडे वडलांचं नाव बाबू, दुसरीकडे बाबुराव. इंग्रजी स्पेलिंग आधारवर वेगळं, मार्कशीटवर वेगळं. आत्ता किरकोळ वाटतं पण ऑनलाइन फॉर्मला हे अजिबात चालत नाही. माझं म्हणणं, दहावीच्या मार्कशीटवर जे नाव आहे तेच खरं धरा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, कारण आधार बदलणं सोपं, बोर्डाची मार्कशीट बदलणं फार किचकट. नावच पूर्ण वेगळं असेल तर राजपत्रात बदल करावा लागतो, त्याला वेळ जातो, म्हणून तेही आधीच. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला पाहिजे, कारण ओटीपी तिथे येतो. बऱ्याच घरात तो नंबर कुणा नातेवाइकाचा किंवा बंद पडलेल्या सिमचा असतो.

दाखले

तीन दाखले जवळजवळ सगळ्यांना लागतात. उत्पन्नाचा, जातीचा, आणि अधिवासाचा म्हणजे डोमिसाइल. उत्पन्नाचा आणि डोमिसाइल तहसीलदार देतात, जातीचा उपविभागीय अधिकारी म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो ते. अर्ज आपले सरकार पोर्टलवर स्वतः करता येतो किंवा सेतूमध्ये, महा ई-सेवा केंद्रात. केंद्रात दरपत्रक लावलेलं असतं, तेवढेच पैसे द्या आणि पावती मागा. या दाखल्यांच्या शपथपत्राला विद्यार्थ्यांना मुद्रांक शुल्क माफ आहे, तेव्हा कुणी महागडा स्टॅम्प पेपर आणायला लावला तर कुठल्या नियमाने ते विचारा.

उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा लागतो, म्हणून तो एप्रिल लागल्यावर काढा, आधी काढून उपयोग नाही. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) असाल तर नॉन क्रिमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा दाखला पण लागतो, त्याला तीन वर्षांचं उत्पन्न बघतात आणि मर्यादा ८ लाख आहे. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, ते कुठल्या वर्षाच्या ३१ मार्चला हे दाखल्यावर लिहिलेलं असतं, ते वाचा. एससी, एसटी पोरांना नॉन क्रिमीलेअर लागत नाही. ओपनमधल्या आणि ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांनी ईडब्ल्यूएसचा म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला काढून ठेवावा.

आता जातीचा दाखला, खरी अडचण इथे असते म्हणून जरा सविस्तर सांगतो.

यात तुमचं घराणं एका ठराविक तारखेच्या आधीपासून महाराष्ट्रात राहत होतं आणि त्या जातीचं होतं हे दाखवावं लागतं. तारखा पाठ करा. एससीसाठी १० ऑगस्ट १९५०, एसटीसाठी ६ सप्टेंबर १९५०, व्हीजेएनटीसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि एसबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे तुमचा आणि वडलांचा एलसी तर हवाच, पण खरं वजन आजोबा, चुलत आजोबा, पणजोबा यांच्या कागदाला आहे. सगळं वडलांच्या बाजूचं. आईकडचे कागद इथे सहसा चालत नाहीत, आणि लग्न झालेल्या ताईंनी पण माहेरचेच म्हणजे वडलांकडचेच कागद लावायचे.

आजोबा शाळेतच गेले नाहीत, मग कागद कुठून आणायचा? शोधायच्या जागा अशा. आजोबांचा एखादा भाऊ दोन-चार महिने जरी शाळेत गेला असेल तर त्या झेडपीच्या शाळेत जुनं जनरल रजिस्टर असतं, तिथून प्रवेश निर्गम उतारा, म्हणजे शाळेत नाव घातल्या-काढल्याची नोंद मागा, हेडमास्तरांच्या सही-शिक्क्यासकट. नाही सापडलं तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गावचा जन्म-मृत्यूचा नमुना नंबर १४, कोतवाल बुकाची नक्कल. आजीला मूल झालं तेव्हाची नोंद, आत्या-काकांच्या जन्माची नोंद, त्यात बापाचं नाव आणि पुढे जात लिहिलेली असते. जुने सातबारा, फेरफार, खरेदीखत पण बघा. यातल्या बऱ्याच नोंदी मोडीत असतात, ते बघून घाबरू नका, मोडी वाचून देणारी जाणकार माणसं मिळतात, त्यांच्याकडून सही केलेलं लिप्यंतर घ्यायचं आणि मूळ नकलेला जोडायचं. जाताना आजोबांचं पूर्ण नाव, त्यांच्या बापाचं नाव, त्या काळी गावात लोक त्यांना काय म्हणायचे ते टोपणनाव आणि जन्माचं अंदाजे वर्ष एका कागदावर लिहून न्या. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसून हे विचारलं की निम्मं काम तिथेच होतं. कारण रजिस्टरात आडनाव बऱ्याचदा नसतंच, नुसतं रामा वल्द सखाराम असं असतं, आणि आपण आडनाव शोधत बसलो की पान उलटलं तरी कळत नाही.

दुसरी गोष्ट, कुटुंब कामासाठी पुण्या-मुंबईत येऊन राहिलं असेल तर त्या तारखेला आजोबा ज्या तालुक्यात राहायचे तिथल्या प्रांताकडे अर्ज करावा लागतो. वस्तीत जन्मलेल्या पोराला आपलं मूळ गाव लातूरकडे की धाराशिवकडे (पूर्वीचं उस्मानाबाद) एवढंच माहीत असतं, तेव्हा हे सगळं दिवाळीला गावी गेल्यावर करून घ्या.

बौद्ध पोरांसाठी खास सांगतो. एलसीवर नुसतं बौद्ध किंवा नवबौद्ध लिहिलेलं असेल तर वडलांच्या किंवा आजोबांच्या कागदावर धर्मांतराच्या आधीची जात दिसते का बघा, तो कागद जोडला नाही तर अर्ज परत येतो.

आणि ज्यांच्याकडे खरंच काही नाही, पारधी वस्तीवरची, पालावर राहणारी कुटुंबं, त्यांनी "कागद आणा मग बघू" एवढ्यावर परत यायचं नाही. अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, आणि स्थानिक चौकशी करा, साक्षीदारांचे जबाब घ्या अशी लेखी मागणी करायची. सोबत शाळेचे गुरुजी, सरपंच किंवा संस्थेचा कार्यकर्ता असला तर फरक पडतो. हे चुकीचं आहे, एकट्या माणसाचं पण ऐकलं पाहिजे, पण आज परिस्थिती अशी आहे म्हणून सोबत न्या.

कुठलाही दाखला अडला तर सेवा हमी कायदा वापरा. २०१५ पासून महाराष्ट्रात तो आहे. प्रत्येक दाखल्याला किती दिवस लागायला पाहिजेत ते ऑफिसात फलकावर लावायचं बंधन आहे. त्या दिवसांत दाखला मिळाला नाही किंवा कारण न देता फेटाळला तर पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोगाकडे. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. भांडायला जायची गरज नाही, पोचपावतीचा नंबर दाखवून "अपील कुठे करू" एवढं नम्रपणे विचारलं तरी बऱ्याचदा फाइल हलते.

व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी

नवीन पोरांचा इथे गोंधळ होतो. जातीचा दाखला वेगळा आणि जात वैधता प्रमाणपत्र वेगळं. राखीव जागेवर इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, ॲग्री अशी प्रोफेशनल कोर्सची ॲडमिशन घ्यायची तर व्हॅलिडिटी लागतेच. ती जिल्ह्याच्या जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून मिळते, अर्ज बार्टी या सरकारी संस्थेच्या साइटवर ऑनलाइन करायचा आणि कागद समितीच्या ऑफिसात द्यायचे. आदिवासी पोरांच्या समित्या वेगळ्या आहेत, तिथे चौकशी जास्त कडक असते म्हणून वेळ जास्त धरा.

अकरावी-बारावी सायन्सला असाल तर कॉलेजकडून १५-अ चा फॉर्म सही-शिक्क्याने घ्यायचा, विद्यार्थ्यांचा अर्ज नमुना १६ मध्ये, सोबत वंशावळीचं शपथपत्र नमुना ३ आणि नमुना १७ चं शपथपत्र. वंशावळ म्हणजे पणजोबापासून तुमच्यापर्यंतचा वंशवृक्ष. ज्याच्या ज्याच्या नावाचा कागद लावलाय ते प्रत्येक नाव त्यात दिसलं पाहिजे. हे इतकं साधं आहे पण अर्ज त्रुटीत निघायचं मोठं कारण हेच, कागद चुलत आजोबांचा लावलेला असतो आणि वंशावळीत त्यांचं नावच नसतं. वडलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी झालेली असेल, सख्खा चुलता, चुलत भाऊ, तर त्याची कॉपी आणि त्याचं शपथपत्र लावा, काम फार सोपं होतं. भावकीत भांडण असलं तरी यासाठी जाऊन मागा, लेकराच्या शिक्षणासाठी माणसं नाही म्हणत नाहीत.

अर्ज त्रुटीत निघाला तर मेसेज येतो, उत्तर द्यायला मुदत असते. मोबाइल नंबर सायबर कॅफेवाल्याचा टाकला असेल तर तो मेसेज तुम्हाला कधीच कळणार नाही. म्हणून नंबर स्वतःचा, ईमेल स्वतःचा, पासवर्ड वहीत लिहून. एकदा मिळाली की व्हॅलिडिटी आयुष्यभर चालते.

शासन कधीकधी पावतीवर ॲडमिशन देतं आणि व्हॅलिडिटी आणायला मुदत देतं, पण त्या भरवशावर राहू नका. मुदत संपली की राखीव जागा जाते.

बँक खातं

इथे दरवर्षी पोरं अडकतात म्हणून नीट वाचा. बँकेत जाऊन आधारची झेरॉक्स दिली, केवायसी झालं, म्हणजे खातं स्कॉलरशिपसाठी तयार झालं असं नाही. सरकारी पैसे आधार नंबरवर थेट खात्यात येतात, यालाच डीबीटी म्हणतात, आणि ते कुठल्या बँकेत टाकायचे हे एनपीसीआय या बँकांच्या व्यवहारांची यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेच्या नोंदीवरून ठरतं. ही नोंद वेगळी करावी लागते, बँकेत "डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचंय" असं स्पष्ट म्हणा आणि त्याचा वेगळा फॉर्म भरा. मग आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघा, तिथे बँकेचं नाव आणि ॲक्टिव्ह असं दिसलं पाहिजे. एकावेळी एकच बँक जोडलेली राहते. कॉलेजने नवं खातं उघडायला लावलं आणि तिथे आधार जोडला की आधीचं सुटतं, आणि मग पोरं जुन्या खात्यात पैसे शोधत बसतात. खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं हवं, वर्षभर व्यवहार नसेल तर ते बंद पडायची भीती असते, थोडे पैसे टाका-काढा.

ॲडमिशन घेताना

दहावी झाल्या झाल्या एक गोष्ट. जेईई, नीट, सीईटीची तयारी करायची असेल आणि क्लासची फी परवडत नसेल तर ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी पोरांसाठी नागपूरची महाज्योती संस्था मोफत ऑनलाइन कोचिंग देते, सोबत टॅबलेट आणि रोजचा डेटा. एससीसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, दोन्ही पुण्यात. यांच्या जाहिराती कधी येतात यावर लक्ष ठेवा, मुदत थोडी असते.

प्रोफेशनल कोर्सला ॲडमिशन सरकारच्या सीईटी सेलच्या कॅप राउंडमधूनच, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधूनच घ्या. हे मी हात जोडून सांगतो. निकालाच्या दिवसांत एजंट फोन करतात, "सीट कन्फर्म करून देतो, स्कॉलरशिप पण बसवून देतो". मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या ॲडमिशनला शासनाची स्कॉलरशिप मिळत नाही. पोरगा पहिल्या वर्षाची फी कर्ज काढून भरतो आणि दुसऱ्या वर्षी कॉलेज सुटतं. कॅप संपल्यावर संस्थास्तरावरच्या फेरीत सीट घेणार असाल तरी आधी कॉलेजकडून लेखी घ्या की या सीटला योजना लागू आहे. ऑप्शन फॉर्म भरताना गावाजवळचंच कॉलेज म्हणून वर टाकू नका, आणि नुसतं नाव मोठं म्हणूनही नको. त्या शहरात सरकारी हॉस्टेल आहे का ते आधी बघा.

फीचं थोडक्यात. एससी आणि एसटी, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, त्यात फी पण येते आणि निर्वाह भत्ता पण. त्याच्या वर उत्पन्न असेल तर फ्रीशिप, म्हणजे फक्त शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. व्हीजेएनटी आणि एसबीसीला नॉन क्रिमीलेअरवर पूर्ण शिक्षण शुल्क, ओबीसी मुलांना निम्मं. ओपनमधल्या ८ लाखांच्या आतल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत निम्मं. आणि मुलींसाठी मोठा निर्णय झालाय तो अजून कितीतरी घरात माहीत नाही. ८ जुलै २०२४ च्या जीआरने म्हणजे शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, प्रोफेशनल कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. कॅपमधून ॲडमिशन पाहिजे, खाजगी विद्यापीठाला आणि मॅनेजमेंट कोट्याला लागू नाही. "मुलीच्या शिक्षणाला एवढा खर्च कुठून करायचा" म्हणणाऱ्या बापाला हा जीआर प्रिंट काढून वाचून दाखवा, मी दाखवतो, आणि बरेच जण ऐकतात.

कॉलेजने आधी पूर्ण फी भरा म्हटलं तर लगेच हार मानू नका. योजनेत बसणाऱ्या पोरांकडून आधी पूर्ण फी घेऊ नये असं शासनाचं म्हणणं आहे. प्राचार्यांच्या नावाने अर्ज द्या, योजनेचं नाव लिहा, पोच घ्या, एक कॉपी जिल्ह्याच्या समाजकल्याण सहाय्यक आयुक्तांना. आणि ओरिजिनल कागद फक्त पडताळणीपुरते दाखवायचे, फीसाठी ते अडकवून ठेवता येत नाहीत, यूजीसीने म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच तसं बजावलंय.

महाडीबीटीचा फॉर्म

महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल. ॲडमिशन झाल्या झाल्या हा फॉर्म भरा, शेवटच्या तारखेची वाट बघू नका. आधार ओटीपीने खातं उघडायचं, मग प्रोफाइल. प्रोफाइलमध्ये तुम्ही जात, उत्पन्न, कोर्स, आधीचं शिक्षण, हॉस्टेल असं जे भराल त्यावरूनच पुढे कुठल्या योजना दिसणार हे ठरतं. एखादी योजना दिसत नसेल तर बहुतेकवेळा प्रोफाइलमध्ये काहीतरी चुकीचं असतं, उत्पन्नात एक शून्य जास्त, किंवा कॉलेजचं कोर्सचं नाव चुकीचं निवडलेलं. मध्ये गॅप असेल तर गॅपचं शपथपत्र तयार ठेवा. कॅपचा नंबर मागतात, तो ॲडमिशनच्या पत्रावर असतो.

फॉर्म सबमिट केला म्हणजे संपलं नाही. तो आधी कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग प्राचार्य, मग जिल्ह्याचं ऑफिस. कॉलेजच्या लॉगिनलाच महिनोन् महिने पडून राहतो. आठवड्यातून एकदा स्टेटस बघा, पुढे सरकला नसेल तर स्कॉलरशिप विभागात जाऊन अर्जाचा आयडी लिहून द्या. त्या क्लार्कशी नीट ओळख ठेवा, नमस्कार करा, त्यांच्याकडे शेकडो अर्ज असतात. सेंट बॅक म्हणजे अर्ज परत आला तर कारण वाचा, दुरुस्त करा, परत पाठवा, त्यालाही मुदत असते. पैसे आले की केंद्र आणि राज्य असे वेगवेगळे हप्ते येतात, एससी शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४०. त्यातला फीचा भाग कॉलेजला भरायचा असतो, तो घरखर्चात गेला की वर्षाच्या शेवटी हॉल तिकीट अडतं. अवघड असतं हे, खात्यात एवढे पैसे पहिल्यांदाच आलेले असतात आणि घरी कुणीतरी आजारी असतं. तरी फी आधी भरा आणि पावती घ्या.

राहायचं कुठे

फी माफ झाली तरी शहरात राहायचं-खायचं काय, या प्रश्नावर शिक्षण सुटतं. शाहू महाराजांनी हे फार आधी ओळखलं होतं, १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली ती उगाच नाही. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तीही वसतिगृहं आणि कमवा-शिका यांच्या जोरावरच वाढली.

आज पहिला अर्ज सरकारी वसतिगृहाला करा. समाजकल्याणची वेगळी, आदिवासी विकासची वेगळी, आता ओबीसींची पण सुरू झालीत, अर्ज ऑनलाइन असतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, बीडकडच्या पोरांनी तिची चौकशी आवर्जून करावी. राहणं, जेवण, वह्या-पुस्तकं मोफत असतात. जागा कमी आणि अर्ज खूप, म्हणून पहिल्या यादीत नाव नाही आलं तर दुसऱ्या यादीची वाट बघा, जागा रिकाम्या होत राहतात.

हॉस्टेल नाही मिळालं तर एससी आणि नवबौद्ध पोरांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि बाकी ठिकाणी ४३,०००. पुण्यासारख्या ठिकाणच्या ६०,००० मध्ये जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,००० असा हिशोब आहे. आदिवासी पोरांसाठी अशीच पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना, ओबीसी-व्हीजेएनटीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अट अशी की ज्या शहरात कॉलेज आहे तिथले तुम्ही रहिवासी नसावं, आधी हॉस्टेलला अर्ज केलेला असावा, मार्कांची अट आहे, आणि कॉलेजची हजेरी ७५ टक्के. भाड्याच्या खोलीचा करार किंवा शपथपत्र लागतं, म्हणून खोली घेतानाच मालकाशी बोलून ठेवा.

पण एक स्पष्ट सांगतो, हे पैसे वेळेवर येत नाहीत. पहिला हप्ता यायला सहा-सहा महिने जातात, कधी वर्ष पण संपतं. त्यामुळे पहिलं सेमिस्टर भागवायची सोय वेगळी लागते. तीन-चार जणांनी खोली करून हाताने स्वयंपाक केला तर खर्च निम्म्यावर येतो. विद्यापीठात, बऱ्याच कॉलेजात कमवा आणि शिका योजना असते, लायब्ररीत, बागेत, ऑफिसात रोज दोन-तीन तासांचं काम, तासावर पैसे. पहिल्याच आठवड्यात विद्यार्थी विकास विभागात नाव द्या. लाजायचं काही कारण नाही त्यात.

कॉलेज सुरू झाल्यावर

मराठी मीडियमचं पोर पहिल्या महिन्यात वर्गात गप्प बसतं. सर इंग्रजीत बोलतात, शेजारचे हसतात, आणि आपल्याला काही येत नाही असं वाटायला लागतं. येत असतं सगळं, शब्द नवीन असतात फक्त. प्रत्येक विषयाचे शब्द वहीच्या मागच्या पानावर मराठीतून लिहीत जा, दिवाळीपर्यंत फरक कळतो. लायब्ररीत बुक बँक असते, एससी पोरांना महागडी पुस्तकं त्यातून मिळतात, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. ज्या सिनियरने आपल्यासारखंच गावाकडून येऊन शिकलंय त्याला शोधा, तो एक माणूस सापडला की निम्मी भीती जाते.

दिव्यांग पोरांनी यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र काढलेलं असावं. २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सूट आहे. परीक्षेला लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो, पण त्याचा अर्ज परीक्षेच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो, आदल्या दिवशी मागून मिळत नाही.

आडनाव विचारून, रँक विचारून, "कोट्यातला आहे" म्हणून कुणी टोमणे मारत असेल, प्रॅक्टिकलला मुद्दाम कमी मार्क देत असेल, तर सहन करत बसू नका. यूजीसीच्या २०१२ च्या नियमांनी कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला सांगितलंय. तारीख, वेळ, कोण काय बोललं, तिथे कोण होतं, हे त्याच रात्री लिहून ठेवा आणि तक्रार लेखी द्या, कॉपी स्वतःकडे. आणि घरी सांगा, मित्राला सांगा, एकट्याने मनात ठेवू नका. ही जागा कुणाची मेहरबानी नाही, घटनेने दिलेला हक्क आहे.

शेवटचं, जे पहिल्या वर्षाच्या गडबडीत राहून जातं. महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी रिन्यू करावा लागतो, तो आपोआप होत नाही. नापास होऊन तेच वर्ष परत केलं तर त्या वर्षाची शिष्यवृत्ती मिळत नाही, त्यामुळे विषय मागे राहिला तर तुमच्या विद्यापीठाचे एटीकेटीचे, म्हणजे विषय मागे ठेवून पुढच्या वर्गात जायचे नियम लगेच वाचा. उत्पन्नाच्या आणि नॉन क्रिमीलेअरच्या दाखल्याची मुदत मार्चमध्ये तपासा, संपत आली असेल तर एप्रिलमध्ये सुट्टीला गावी गेलात की नवीन काढूनच परत या, जूनमध्ये सेतूवर परत तीच गर्दी असते.